३७ अंश टिकतात, पण कशाच्या जिवावर?

प्रश्न असा आला आहे: "मी बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सजीव आपलं अंतर्गत वातावरण स्थिर ठेवतात, बाहेर काहीही असो माणसाचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहतं, असं आम्हाला शिकवलं. पण गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारचे काका ऊन लागून गेले. वय ५८, ब्लडप्रेशर सोडलं तर दुखणं नाही. दुपारी बारापर्यंत स्लॅबच्या सेंट्रिंगवर काम करत होते, तीनला बेशुद्ध पडले, रात्री संपलं. घरचे सांगतात, पाणी भरपूर पीत होते. शरीर स्वतःला सांभाळतं म्हणतात, मग इतक्या अचानक कसं कोसळलं?"

तुमच्या काकांचं वाचून वाईट वाटलं. मी मेडिसिनचा डॉक्टर. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी सव्वीस उन्हाळे काढलेत, आणि हाच प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी वॉर्डाच्या दारात मला विचारतं. तिथे उभ्याउभ्या दोन वाक्यांत सांगावं लागतं. इथे नीट सांगतो.

तुमच्या पुस्तकात होमिओस्टॅसिस हा शब्द असेल, मराठीत समस्थिती. पेशी बाहेरच्या हवेत जगत नाहीत, त्या शरीरातल्या द्रवात जगतात, आणि तो द्रव सांभाळला तरच प्राण्याला बाहेर मोकळं हिंडता येतं, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी मांडली. होमिओस्टॅसिस हा शब्द १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी घडवला. त्यांनी मुद्दाम 'होमिओ' घेतलं, 'होमो' नाही. होमो म्हणजे तंतोतंत तेच, होमिओ म्हणजे साधारण तसंच. परीक्षेत हा फरक कुणी विचारत नाही, पण माझं सगळं उत्तर त्याच्याभोवती आहे. शरीर सगळंच स्थिर ठेवत नाही. एक गोष्ट जागेवर ठेवायला ते दुसऱ्या चार गोष्टी जागेवरून हलवतं. काकांचे ३७ अंश दुपारी बारापर्यंत बहुधा टिकले होते. ते कशाच्या जिवावर टिकले होते, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आधी उष्णतेचा हिशोब. माणूस नुसता पडून असला तरी त्याच्या अंगात साधारण ८० ते १०० वॅट उष्णता तयार होत असते, जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा उचलणारा, घमेली वाहणारा माणूस ४०० वॅटपर्यंत सहज जातो. ६० किलोच्या माणसाचं तापमान १ अंशाने वाढवायला साधारण २१० किलोज्यूल लागतात. म्हणजे ४०० वॅट तयार होतायत आणि बाहेर काहीच जात नाही असं धरलं, तर नऊ मिनिटांत एक अंश. अर्ध्या तासात माणूस ४० च्या वर. असं रोज होत नाही, कारण शरीर ती उष्णता सतत बाहेर टाकत असतं.

थंडीत हे सोपं असतं. कातडी ३३-३४ अंश, हवा २०, उष्णता आपोआप बाहेर जाते. पण चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात हवाच ४५ असते. मग उष्णता उलटी, हवेतून अंगात यायला लागते. अशा वेळी शरीराकडे एकच वाट उरते, घाम. आणि घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम कातडीवरून वाळून गेला तर जवळपास २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. वरच्या हिशोबाने हे ११ अंशांची वाढ रोखण्याइतकं झालं. नुसता ठिबकून जमिनीवर पडला तर यातलं काहीच मिळत नाही.

हे समजून घ्यायला घरातला माठ बघा. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळतं, वाळताना आतल्या पाण्याची उष्णता नेतं. त्याच माठाला कुणी हौसेने बाहेरून ऑइलपेंट दिला की पाणी गार होत नाही, कारण छिद्रं बुजतात. आमच्याकडच्या कूलरचंही तेच. वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून कोरडी हवा ओढली की खोली गार होते. तोच कूलर मुंबईला नेला तर फक्त दमटपणा वाढतो, कारण तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. माणसाच्या कातडीवर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी आहेत, आणि त्यांना हाच नियम लागू आहे.

म्हणून हवामानाच्या बातमीतला एकटा तापमानाचा आकडा बघून ऊन किती घातक आहे ते कळत नाही. १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चार्ल्स ब्लॅग्डन यांनी एक प्रयोग सांगितला. ते आणि त्यांचे सोबती सुमारे १२६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटं उभे राहिले. सोबत ठेवलेलं मांस शिजलं, माणसं ठीक बाहेर आली. याउलट १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात कार्यक्रम झाला, तेव्हा तापमान ३८ च्या आसपास होतं. आमच्याकडे ३८ ला कुणी उन्हाळा म्हणणार नाही. पण खाडीची दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, तासन्‌तास गर्दीत बसणं, यात डझनाहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या, मुंबईतल्या वाचकांना माझं हात जोडून सांगणं आहे की विदर्भाचा ४६ चा आकडा बघून आपलं बरं चाललंय असं समजू नका.

आता याची किंमत कोण चुकवतं ते बघू. आतली उष्णता कातडीपर्यंत न्यायचं काम रक्त करतं. गार हवेत स्वस्थ बसलेल्या माणसाच्या कातडीला मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर रक्त जातं. कडक उष्णतेत ते सात-आठ लिटरपर्यंत वाढू शकतं. आणि विश्रांतीत हृदय मिनिटाला एकूण पाचेक लिटरच फेकत असतं! मग हे जास्तीचं रक्त येतं कुठून? हृदय वेग वाढवतं, आणि आतडी, यकृत, मूत्रपिंडं यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्यांच्या वाट्याचं रक्त कातडीकडे वळतं. त्यातच काम करणाऱ्या स्नायूंनाही रक्त हवं असतं. आणि हे सगळं चालू असताना घामावाटे पाणी जातंय, म्हणजे मुळात रक्ताचा साठाच कमी होतोय.

थर्मामीटर मात्र या सगळ्या वेळात ३७.५ दाखवत राहतो.

तुमच्या 'अचानक'चं उत्तर इथे आहे. कोसळणं अचानक दिसतं, कारण आपण त्याच गोष्टीकडे बघत असतो जी शरीर शेवटपर्यंत सोडत नाही. आधी नाडी वाढते, लघवी कमी आणि गडद होते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पायात गोळे येतात, भूक जाते, चिडचिड होते. ही यादी सकाळपासून, कधी दोन दिवसांपासून चालू असते. मग एक क्षण असा येतो की रक्ताचा साठा इतका उतरतो की रक्तदाब आणि कातडीचा पुरवठा दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. तेव्हा शरीर रक्तदाब निवडतं. मेंदूला आणि हृदयाला रक्त हवं म्हणून कातडीकडची वाट आवळली जाते, घामही उतरायला लागतो. बाहेर उष्णता टाकायची खिडकी बंद झाली की वरचं गणित चालू होतं, काही मिनिटांना एक अंश.

एक रुग्ण मला विसरता येत नाही. रस्त्याच्या डांबराच्या कामावरचा, पन्नाशीचा. सोबतच्या मजुरांनी पिकअपमध्ये घालून आणला. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. शेजारी उभ्या बायकोला 'आई' म्हणत होता. शर्ट घामाने चिंब. ऊन लागलं की घाम थांबतो असं लोक समजतात, पण कष्टाचं काम करणाऱ्यांत तो शेवटपर्यंत चालू असू शकतो, त्यामुळे ओल्या अंगावर विसंबून राहू नये. काखेत थर्मामीटर ३९ दाखवत होता, गुदद्वारातून घेतला तर ४१.४. समोरच्या रसवंतीतून बर्फाच्या दोन लाद्या आणल्या, टबात फोडल्या, चादरी त्या पाण्यात बुडवून अंगावर टाकल्या, दर दोन मिनिटांनी बदलल्या, दोन टेबलफॅन लावले. पंचवीस मिनिटांत ३९ आलं, तिथे थांबवलं, नाहीतर तापमान घसरत फार खाली जातं. तासाभराने त्याने बायकोला तिच्या नावाने हाक मारली. पण दुसऱ्या दिवशी लिव्हरचे आकडे हजारांत गेले, लघवी चहासारखी झाली. सुटी व्हायला बारा दिवस लागले.

तापमान उतरल्यावरही हे नुकसान का चालू राहिलं? कारण आतड्यांचं रक्त बराच वेळ तोडलेलं होतं. रक्त कमी पडलं आणि त्यात उष्णता वाढली की आतड्याचं अस्तर सैल पडतं, आतल्या जिवाणूंची विषारी द्रव्यं रक्तात झिरपतात, आणि सगळ्या शरीरात दाह पेटतो. मूत्रपिंडांना दुहेरी मार बसतो, रक्त कमी आणि त्यात तुटलेल्या स्नायूंचा कचरा गाळायचा. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या ऊसतोड कामगारांत वर्षानुवर्षं मूत्रपिंडं निकामी होत गेलेली दिसली, आणि त्यामागच्या कारणांत रोजच्या उन्हातल्या कष्टाचं आणि पाणी कमी पडण्याचं नाव वारंवार घेतलं जातं. आपल्याकडे ऊसतोडीचे फड कमी नाहीत. माझ्या मते तिथल्या प्रत्येक माणसाची हंगामाच्या आधी आणि नंतर क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडं नीट गाळतायत का हे सांगणारी रक्ताची तपासणी व्हायला हवी.

आता 'पाणी भरपूर पीत होते' याबद्दल. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर थोडं थांबतो.

घामात फक्त पाणी नसतं. उन्हाची सवय नसलेल्या माणसाच्या एका लिटर घामात साधारण २ ते ४ ग्रॅम मीठ जातं. संध्याकाळी मजुराच्या शर्टाच्या पाठीवर पांढरे नकाशे उमटलेले दिसतात, ते हेच. दिवसभरात सहा लिटर घाम गेला तर पंधरा-वीस ग्रॅम मीठ गेलं. रक्तातलं सोडियम शरीर फार जपतं, लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल, सहसा याबाहेर जाऊ देत नाही. रक्त एक-दोन टक्क्यांनी घट्ट झालं की मेंदूला कळतं. मग तहान लागते, आणि मूत्रपिंडांना पाणी अडवायचा हुकूम देणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं. नुसतं पाणी प्यायलं की रक्त पातळ होतं, तहान भागते, पण गेलेलं मीठ परत आलेलं नसतं. मीठ नाही तर पाणी रक्तात टिकत नाही. म्हणजे तहान गेली आणि साठा मात्र रिकामाच राहिला.

याहून वाईटही होतं. आमच्याकडे विटभट्टीवरचा एक तरुण फिट आल्यामुळे आणला होता. तापमान ३७.२. सोबतचे सांगत होते, सकाळपासून सात-आठ लिटर पाणी प्यायला, 'ऊन लागू नये म्हणून'. रक्तातलं सोडियम ११८ निघालं. एरवी जास्तीचं पाणी मूत्रपिंडं तासाला पाऊण-एक लिटरपर्यंत बाहेर टाकतात. पण त्याच्या रक्ताचा साठा घामाने उतरला होता, आणि अशा वेळी शरीर सोडियमपेक्षा साठ्याला जास्त मान देतं. रक्त पातळ झालंय हे माहीत असूनही व्हॅसोप्रेसिन चालूच ठेवतं, पाणी अडवत राहतं, आणि मेंदूच्या पेशींना सूज येते. शरीरातही क्रम ठरलेला आहे, कुणाला आधी वाचवायचं आणि कुणाला नंतर. तीव्र मिठाचं सलाईन थोडं थोडं देत, दर काही तासांनी सोडियम मोजत तो पोरगा वाचला.

म्हणून ताकात मीठ, पन्ह्यात मीठ, जेवणात चटणी-लोणचं हे आपल्या बायामाणसांनी जे चालवलं आहे ते शरीरशास्त्राला धरून आहे. कांदा खिशात ठेवण्याबद्दल मला असं म्हणता येत नाही, खायचा असेल तर खुशाल खा. घाम फार जाणार असेल तर ओआरएस. त्यात मीठ आणि साखर एकत्र का असतात? आतड्याच्या पेशींवर एक दरवाजा आहे, जो सोडियम आणि ग्लुकोज दोघं मिळून आले तरच उघडतो, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच द्रावण माणसांना पाजायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. आजच्या पुडीत लिटरभर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. एक पुडी एका लिटरातच घाला. अर्धी पुडी ग्लासात टाकून 'कडक' केलेलं ओआरएस उलट त्रास देतं. ज्यांना हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी मीठ वाढवायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

तुमचं प्राणिशास्त्र आहे म्हणून एक आडवाट घेतो. प्रत्येक प्राणी तीच गोष्ट जपतो असं नाही. पाणी न मिळालेला उंट पहाटे ३४ अंशांवर असतो आणि संध्याकाळी ४० वर जातो. तो तापमान हलू देतो आणि त्या बदल्यात घाम वाचवतो. म्हशीला घाम फार कमी, म्हणून ती डबक्यात बसते. मधमाश्या एकेकट्या थंड रक्ताच्या, पण अळ्या असलेल्या पोळ्याचं तापमान ३४-३५ अंशांवर ठेवतात. उन्हाळ्यात माश्या पाणी आणून पोळ्यात पसरतात आणि बाकीच्या पंखांनी वारा घालतात. कूलर त्यांनी आपल्या आधी केला. समस्थितीचा धडा वाचताना प्रत्येक प्राण्याबद्दल 'हा काय जपतो आणि त्यासाठी काय हलवतो' असं विचारत जा, धडा वेगळाच दिसेल.

ताप आणि ऊन लागणं यातला फरक मात्र घरोघरी कळायला हवा, कारण इथे जीव जातात. संसर्गाच्या तापात शरीराचं तापमान ठरवणारा मेंदूतला भाग, हायपोथॅलॅमस, स्वतःच लक्ष्य ३७ वरून ३९ वर नेतो. म्हणून ३८ असतानाही थंडी वाजते, माणूस गोधडी मागतो. पॅरासिटामॉल ते लक्ष्य खाली आणतं. ऊन लागलेल्या माणसाचं लक्ष्य ३७ च असतं, शरीर तिथे पोचू शकत नसतं. त्याला पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही, आणि आधीच मार खाल्लेल्या लिव्हरवर तो आणखी भार. माणूस असंबद्ध बोलतोय, झोकांड्या जातायत, अंग तापलंय, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत घ्या, कपडे काढा, हाताला येईल ते गार पाणी अंगभर ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो फुफ्फुसात जातो. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ४० च्या खाली आलं तर वाचण्याची शक्यता चांगली असते. हॉस्पिटल तीस किलोमीटरवर असेल तर तो अर्धा तास तुमच्याच हातात असतो.

काका कामावर किती दिवसांपासून जात होते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते महत्त्वाचं आहे. उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर आणि जास्त यायला लागतो, आणि अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक घामातलं मीठ अडवायला शिकवतं. सुट्टीवरून परतलेला, आजारातून उठलेला किंवा नवीन लागलेला मजूर पहिल्या तीन-चार दिवसांतच पडतो. त्याला पहिल्या दिवशी अर्धंच काम द्या, हे मी मुकादमांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. काही ऐकतात.

आणि दुसरी गोष्ट ब्लडप्रेशरची. काकांच्या गोळ्यांची पट्टी घरात असेल तर नाव वाचा. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे मीठ आणि पाणी काढतात, ज्यांना आपण पाण्याची गोळी म्हणतो. काही हृदयाचा वेग वाढू देत नाहीत. एरवी ही औषधं उत्तम आहेत, मी रोज लिहून देतो. पण वर सांगितलं ना, उन्हात शरीर नेमकं मीठ, पाणी आणि हृदयाचा वेग याच तीन गोष्टींच्या आधाराने ३७ धरून ठेवतं. त्यात वयाप्रमाणे तहानही मंदावलेली असते. काकांच्या घरात किंवा तुमच्या घरात आणखी कुणी तीच गोळी घेत असेल, तर ती मनाने बंद करू नका. मार्च लागला की पट्टी घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि विचारा, उन्हाळ्यासाठी डोस बदलायचा का.